बिनकामाचा स्वार

मोटारसायकल चालवणाऱ्याला मोटारसायकलवाला म्हणावं, एवढं साधं ज्ञान घेऊन मीटररावांनी पन्नाशी गाठली होती. हे ज्ञान किती अडाणीपणाचं आहे ते त्यांना एका रविवारी सकाळी कळलं. मेहुण्याने नवी, भली मोठी गाडी घेतली होती आणि ती दाखवायला तो आला होता. बहिणीच्या नवऱ्याने जिने उतरून खाली यावं आणि चार शब्द कौतुकाचे बोलावेत, एवढीच त्याची माफक अपेक्षा. मीटररावांनी ती पुरी केली. टाकीवरून हात फिरवला, टायर दाबून पाहिले, आरशात स्वतःचा चेहरा पाहून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीकडे बघत सहज म्हणाले, "आपल्या दोघांनाही गाडीचं वेडच आहे बघ."

मेहुणा हसला. त्या हसण्यात दया होती.

"भाऊजी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही गाडी चालवत नाही. तुम्ही गाडीवरून कामाला जाता."

राग मानू नका म्हटल्यावर माणसाला जेवढा राग येतो तेवढा मीटररावांना आला. पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात ते वरिष्ठ लिपिक होते, आणि बिल्डिंगमधल्या लोकांनी त्यांचं मूळ नाव विसरून त्यांना या पदवीने गौरवलं होतं. खात्यात त्यांची एकच ख्याती होती: मीटररावांच्या हातून खोटं रीडिंग कधी गेलं नाही. मीटर बंद असेल तर ते 'बंद' लिहीत. मग ते मीटर साहेबांच्या सासऱ्यांचं का असेना. अशा माणसाला बढती मिळत नाही, पण अभिमान भरपूर मिळतो, आणि तो ते गाडीवरून येता-जाता उपभोगत असत. ऑफिसातून घरी येताना पाण्याच्या टाकीमागे एक लांबलचक मोकळा रस्ता लागायचा. तिथे पोचलं की मीटरराव गाडी जरा मोकळी सोडत, मान खाली घालत आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने गात. पुढे सिग्नल आला की गाणं संपायचं. दिवसभरातलं त्यांचं खाजगी आयुष्य म्हणाल तर तेवढंच.

आणि हा म्हणतो, चालवत नाही!

"मग तू काय करतोस?" मीटररावांनी विचारलं.

"मी रायडर आहे," मेहुणा म्हणाला. मेहुणा खरं तर टाइल्सच्या दुकानात मॅनेजर होता, पण हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर टाइल्सचा मागमूसही नव्हता. "आमचा क्लब आहे. या एकदा. तुमच्यात सुधारणेला वाव आहे."

क्लबची सभा कॅप्टनच्या दवाखान्यात भरत असे. कॅप्टन म्हणजे आरमारातले नव्हेत. ते दातांचे डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद, म्हणून बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर सगळे रायडर कातडी जाकिटं घालून घाम पुसत बसलेले, आणि वर भिंतीवर दाढेचा उभा छेद दाखवणारं रंगीत चित्र. दातांच्या डॉक्टरला जन्मभर अशी सवय झालेली असते की आपण बोलायचं आणि समोरच्याने तोंड उघडं ठेवून ऐकायचं. कॅप्टनांचं सगळं नेतृत्व या एका सवयीवर उभं होतं.

"कामासाठी गाडी काढतो, तो प्रवासी," कॅप्टन सांगत होते. "लोकांनी बघावं म्हणून काढतो, तो बायकर. आणि कशासाठीच काढत नाही, नुसता जातो, तो रायडर."

"आणि कामावर जाताजाता ज्याला मजा वाटते, तो?" मीटररावांनी विचारलं.

क्लबचे रोड मार्शल, म्हणजे पडद्यांच्या दुकानाचे मालक, यांनी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टननी दाढेकडे बघितलं.

"असा प्रकार नसतो," कॅप्टन म्हणाले.

मीटररावांनी वाद घातला नाही. त्यांची नजर समोरच्या जाकिटावर खिळली होती. प्रत्येक पक्क्या सभासदाच्या पाठीवर एक मोठा गोल कापडी पॅच शिवलेला होता. त्यावर चाक, चाकाला पंख, आणि खाली ठळक अक्षरांत 'रायडर'. मीटररावांच्या पाठीवर आजवर ऑफिसातल्या खुर्चीच्या वेताची नक्षी तेवढी उमटलेली. आता खरं सांगायचं तर पन्नाशीच्या माणसाने कापडाच्या तुकड्यावर जीव टाकू नये. पण टाकला. मुलाखत देऊन, परीक्षा देऊन, पोटासाठी मिळवलेलं पद त्यांच्याकडे होतं. नुसतं आपल्याला आवडतं म्हणून मिळालेलं काहीच नव्हतं. तो पॅच त्यांना हवा होता, आणि फार हवा होता.

क्लबचे नियम मात्र खात्यापेक्षा कडक निघाले. नव्या माणसाला आधी 'उमेदवार' असा छोटा बिल्ला मिळे. तो शिवायचा नाही, सेफ्टीपिनेने लावायचा, कारण उमेदवारी कधीही काढून घेता यावी अशी घटनेत तरतूद होती. मग परीक्षा. गावाबाहेर जुन्या हमरस्त्यावर एक बंद पडलेला टोलनाका होता. तिथे ना दुकान, ना वस्ती, ना बघण्यासारखा देखावा. उमेदवाराने तिथे एकट्याने जायचं, नाक्यासमोर गाडीसह फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि परत यायचं. अट एकच: जाण्यायेण्यात काडीचंही काम नको.

"एवढंच?" मीटरराव म्हणाले.

"एवढंच," कॅप्टन म्हणाले, आणि जमलेले सगळे रायडर एकमेकांकडे बघून अशा काही समजूतदारपणे हसले, की मीटररावांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मीटररावांनी हेल्मेट हातात घेतलं आणि दाराशी बूट चढवायला वाकले.

"बाहेर चाललात का?" आतून बायकोने विचारलं.

"हो, जरा जाऊन येतो."

"मग जाताच आहात तर मिक्सरचं भांडं घ्या. पातं फिरत नाहीये कधीचं."

मध्यमवर्गीय संसारात 'जाताच आहात तर' या शब्दांपुढे कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागतं, आणि 'मी कामाशिवाय चाललो आहे' हे कारण मीटररावांच्या जिभेवर येईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य त्या घरात कोणी उच्चारलंच नव्हतं. त्यांनी मुकाट्याने भांडं घेतलं. हेल्मेट आणि भांडं हातात घेऊन उतरणारा माणूस जिन्यात लपत नाही. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दार उघडलं आणि भांडं पाहिलं. "दुरुस्तीच्या दुकानाकडे चाललात? बरं झालं. माझ्या कात्रीला धार लावून आणा ना!" तळमजल्यावर निवृत्त हेडमास्तर कात्री पाहून उठले आणि आतून मोडक्या काडीची छत्री घेऊन आले. त्यांनी छत्री दिली, आणि छत्री कशी धरावी हेही सांगितलं.

रविवारी दुरुस्तीची दुकानं बंद असतात हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. आठवतं मात्र बंद दारासमोर उभं राहिल्यावर. मीटरराव तसेच पुढे निघाले. टोलनाक्यावर पोचल्यावर त्यांनी छत्री खांबामागे उभी केली, कात्री खिशात घातली, भांडं गवतात ठेवलं, चेहऱ्यावर कशासाठीही न आल्याचा भाव आणला आणि फोटो काढला.

क्लबने तो फोटो दवाखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावला. एरवी त्या पडद्यावर लोकांच्या किडलेल्या दाढा दिसायच्या. मार्शलनी एक कोपरा मोठा करत नेला. गवतात काहीतरी चकाकत होतं.

"हे काय आहे?" कॅप्टननी विचारलं.

"भांडं," मीटरराव म्हणाले. खोटं रीडिंग द्यायची सवय नव्हती.

"कसलं?"

"मिक्सरचं."

एका रायडरने मान खाली घातली. दुसऱ्याने खोकल्याचं सोंग आणलं. मार्शल अजून फोटो सरकवतच होते, आणि खांबामागून छत्रीची मूठ हळूच डोकावली.

"मीटरराव," कॅप्टन शांतपणे म्हणाले, "याला राइड म्हणत नाहीत. याला डिलिव्हरी म्हणतात."

त्या दिवसापासून ग्रुपवर त्यांचं नाव 'डिलिव्हरी उमेदवार' पडलं. आयुष्यभर एकाही माणसाच्या घरचं पाणी चुकीचं न मोजलेल्या गृहस्थाची ही अवस्था! मीटरराव घरी येऊन कोणाशी बोलले नाहीत. भांड्याचं काय झालं असं बायकोने विचारलं, तेव्हा ते भांड्याकडे ज्या नजरेने बघायला लागले ती पाहून तिने विषय बदलला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी डाव बदलला. रविवारी उजाडताउजाडता, बायको झोपेत असताना, बूट हातात घेऊन ते जिना उतरले. गाडी सुरू केली तर सगळी बिल्डिंग जागी होईल आणि प्रत्येक मजल्यावरून काहीतरी खाली येईल, म्हणून ती ढकलत फाटकाबाहेर नेली. फाटकापाशी हेडमास्तर व्यायाम करत होते. शाळेत त्यांच्या हातून एकही मुलगा पळून गेला नव्हता, मग मीटरराव कुठले सुटायला?

"कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"कुठे नाही म्हणजे? कुठेतरी जायचंच असेल."

"नाही हो. असंच."

हेडमास्तरांचे हात हवेत होते तिथेच थांबले. त्यांनी नीट पाहिलं: पहाटेची वेळ, पायात न घातलेले बूट, बंद गाडी ढकलणारा, संसारी, नोकरदार माणूस, आणि म्हणतो 'कुठे नाही'. गेल्या आठवड्यात हाच माणूस भांडं, कात्री, छत्री जशीच्या तशी परत घेऊन आला होता आणि दोन दिवस गप्प होता. हेडमास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो अगदी चुकीच्या जागी पडला, पण लख्ख पडला.

"चला," ते म्हणाले, "मीही येतो."

"अहो, पण तिथे काही नाहीये."

"म्हणूनच येतो," हेडमास्तर म्हणाले आणि डबलसीट बसले.

पुढची वाट मीटररावांना जन्मभर विसरता येणार नाही. हेडमास्तर पूर्ण रस्ताभर त्यांच्या कानाशी बोलत होते. आयुष्य किती सुंदर आहे, संकटं येतात आणि जातात, बायको कधी बोलली तर मनावर घेऊ नये, बढतीचं काय, ती कोणाला मिळते! वळणावर ते मीटररावांना घट्ट धरून ठेवत आणि पुलावर तर त्यांनी "मध्ये चालवा, मध्ये!" असा ओरडा केला की समोरून येणारा ट्रकवाला घाबरला. टोलनाक्यावर उतरल्यावरही त्यांनी मीटररावांची बाही सोडली नाही. फोटोत मीटरराव आहेत, गाडी आहे, आणि हाफ चड्डी घातलेले, बाही पकडलेले, काळजीने हसणारे हेडमास्तर आहेत.

क्लबने तो फोटो मोठा करण्याचीही तसदी घेतली नाही. डबलसीट बाद, असा मार्शलनी एका ओळीत निकाल दिला.

खरी गंमत घरी झाली. हेडमास्तरांनी मीटररावांना पोचवलं, दारात बायकोला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, जपा यांना. जास्त काही बोलत नाही. जपा." दुपारपर्यंत बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सगळं कळलं होतं; मीटररावांना सोडून. काकू वर येऊन बसल्या. त्यांच्या एका नातेवाइकाचंही असंच झालं होतं म्हणे. आधी नुसताच फिरायला जायचा. मग वेळीअवेळी हसायला लागला. शेवटी कविता करायला लागला, तेव्हा घरच्यांनी हाय खाल्ली. बायकोने हे ऐकलं आणि उठून गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली.

मीटररावांनी किल्ली शोधली. सापडेना. विचारलं, तर बायको रडायलाच लागली.

"माझं काय चुकलं ते सांगा," ती म्हणाली. "पहाटे चोरासारखे गेलात. बरोबर मास्तर होते म्हणून! नाही तर काय केलं असतं तुम्ही?"

"फोटो काढला असता," मीटरराव म्हणाले.

या उत्तराने तिचं रडणं थांबायच्या ऐवजी दुप्पट झालं.

शेवटी मेहुण्याला बोलावणं गेलं. ज्याने हे लचांड गळ्यात बांधलं तोच येऊन निस्तरेल अशी मीटररावांना आशा होती. मेहुणा आला, बहिणीसमोर गंभीर चेहरा करून बसला, पण क्लबचं नाव त्याने काढलं नाही. ब्रसुद्धा काढला नाही. मग भाऊजींना गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"अहो भाऊजी, घरी खरं सांगायचं असतं का कुठे?" तो कुजबुजला. "आमच्याकडे मी पाठीच्या व्यायामाला जातो. दर रविवारी. कॅप्टनच्या घरी दातांचं शिबिर असतं. मार्शल पडद्याच्या मापाला जातात. प्रत्येकाचं काहीतरी काम असतं. कामाशिवाय सोडतं का कोणी घरून?"

कशासाठीच न जाणाऱ्या या थोर रायडरांपैकी एकही जण घरून कामाशिवाय निघत नव्हता. फरक एवढाच की मीटरराव खरं काम घेऊन जात होते आणि हे खोटं.

"मी नाही सांगणार खोटं," मीटरराव म्हणाले.

"मग बसा घरी," मेहुणा म्हणाला, आणि आत जाऊन बहिणीला सांगितलं, की भाऊजींना कामाचा ताण आहे, आराम द्या.

आराम म्हणजे काय असतो ते मीटररावांना त्या आठवड्यात कळलं. संध्याकाळी हेडमास्तर येऊन आनंदी गोष्टी सांगत. काकू त्यांच्यासमोर कात्री बाहेर काढेनाशा झाल्या. गाडीविना बसने ऑफिसला जाताना टाकीमागचा मोकळा रस्ता यायचा, आणि कोणाच्या तरी काखेखाली उभे असलेले मीटरराव तो जाताना बघायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. जेवण झाल्यावर ते बायकोसमोर खुर्ची ओढून बसले.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला गाडी चालवायला आवडतं. लहानपणापासून आवडतं. पण मी आजवर गाडीवरून ऑफिसला गेलो, बाजारात गेलो, दवाखान्यात गेलो. नुसता कधी गेलो नाही. मला एकदा नुसतं जायचंय. बस्स. यात तुझं काही चुकलेलं नाही आणि माझंही काही बिघडलेलं नाही."

नवरा आजारी नाही याचा आनंद मानावा, की एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपल्याला रडवलं याचा राग करावा, हे बायकोचं ठरत नव्हतं.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी काय अडवलं असतं?"

"तू भांडं दिलंस."

"तुम्ही घेतलंत," ती म्हणाली, आणि उठून पिठाचा डबा काढला. किल्ली पांढरी होऊन बाहेर आली.

बायकोने एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अर्धवट सोडत नसे. दुसऱ्या दिवशी तिने मजल्यामजल्यावर जाऊन जाहीर केलं: येत्या रविवारी हे कामाशिवाय जाणार आहेत, कोणीही कसलंही काम सांगायचं नाही. बिल्डिंगने हे अंगावर घेतलं. रविवारी सकाळी मीटररावांना काम नसावं यासाठी सगळी माणसं कामाला लागली. हेडमास्तरांनी फाटकापाशी उभं राहून कोणी काही देत तर नाही ना यावर पहारा ठेवला. काकूंनी जिन्यातच मीटररावांचे खिसे चाचपले आणि बदलून आणायचा उडालेला बल्ब निघाला तो काढून घेतला. "रिकाम्या हाताने जा हो," त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, जशा काही सीमेवर पाठवत होत्या. चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीटररावांना एवढा संकोच आजवर वाटला नव्हता, आणि आत कुठेतरी अंगावर मूठभर मांसही चढलं.

वाटेत हेडमास्तरांचे फोन येतच होते. "काही काम निघालं नाही ना?" दर वेळी रस्त्याकडेला गाडी थांबवून 'नाही निघालं' हे सांगणं, एवढं एकच काम मीटररावांना त्या दिवशी होतं. शेवटी त्यांनी फोन जाकिटाच्या आतल्या खिशात खोल घातला.

टोलनाक्यावर त्या दिवशी सगळा क्लब हजर होता. उमेदवाराने खरं जमवलं तर तिथल्या तिथे पॅच द्यायचा, असं कॅप्टननी ठरवलं होतं. चकाकणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, मार्शल हात मागे बांधून फिरत होते. त्यांनी मीटररावांच्या गाडीचं सीट उचललं, टाकीखाली वाकून बघितलं, हेल्मेट उलटं करून झटकलं. काही सापडलं नाही. मार्शलचा चेहरा पडला.

"उत्तम!" कॅप्टन म्हणाले. त्यांनी डब्यातून पॅच काढला. नवा कोरा, पंख अजून ताठ. मीटररावांच्या छातीत धडधडायला लागलं. शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हाही असं झालं नव्हतं. अर्थात तो कधी आलाही नव्हता.

"आता फक्त शेवटचा प्रश्न," कॅप्टन म्हणाले. "रीत आहे आपली. उमेदवार, इथे कशासाठी आलात?"

याचं उत्तर 'कशासाठीच नाही' हे होतं. मेहुणा मागून ओठ हलवून तेच सांगत होता. शाळकरी पोरालाही जमलं असतं. पण मीटररावांनी तोंड उघडलं आणि सवयीने खरं रीडिंग बाहेर आलं.

"पॅच घ्यायला," ते म्हणाले.

वाऱ्याने कोणाच्या तरी जाकिटाचा बंद फडफडला.

"म्हणजे कामासाठी," मार्शल लगेच म्हणाले.

"अहो, 'कशासाठीच नाही' म्हणा," कॅप्टन दाताओठांतून म्हणाले.

"म्हणेन, पण ते खोटं होईल," मीटरराव म्हणाले. मग त्यांच्या मनात एक हिशेब सरळ लागत गेला आणि त्यांनी तो कोणाला दुखवायचा हेतू मनात न ठेवता बोलून दाखवला. "आणि साहेब, तुम्ही पॅच द्यायला आलात. मार्शल तपासणीला आलेत. बाकीचे समारंभाला आलेत. म्हणजे आज इथे नुसतं असं कोणीच आलेलं नाही."

हे ऐकून सगळे हसतील आणि मोकळे होतील, असं त्यांना खरंच वाटलं होतं. पण ज्यांनी कातडी जाकिटं कडक उन्हात घातलेली असतात त्यांच्या नाकाला मिरच्या लवकर झोंबतात. मार्शल म्हणाले, मुद्दा बरोबर आहे आणि आपण तो केव्हापासून मांडत आलो आहोत. या नियमाने कॅप्टनचाच पॅच रद्द होतो, कारण गेल्या महिन्यात कॅप्टन गाडीचं सर्व्हिसिंग करायला गेले आणि तीही राइड म्हणून सांगितली. कॅप्टन म्हणाले, मार्शलांच्या पाठीचा पॅच स्वतःच्याच दुकानात शिवलेला आहे, त्याला मंडळाची मंजुरी नाही. मग दोन बाजू पडल्या. एक गट स्वतःला मूळ रायडर म्हणवू लागला, दुसरा गट शुद्ध रायडर. शुद्धांनी ठरवलं की राइडचा दिवस आधी ठरवणं हेच काम आहे, म्हणून यापुढे कोणी कोणाला न सांगता जायचं. मूळवाल्यांनी विचारलं, न सांगता गेल्यावर क्लब कसला? मेहुणा दोन्हीकडे मान डोलावत होता, आणि मधूनच घड्याळ बघत होता, कारण त्याच्या पाठीचा व्यायाम संपायची वेळ झाली होती.

या सगळ्यात पॅच कॅप्टनच्या हातातून सुटून टोलनाक्याच्या तुटक्या खिडकीच्या कट्ट्यावर पडला होता. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मीटरराव त्याच्याजवळ गेले. उचलावासा वाटला नाही असं म्हटलं तर तेही खोटं रीडिंग ठरेल. फार वाटलं. खिशात घातला असता तर कोणाला कळलं नसतं, आणि घरी गेल्यावर काकूंनी एका दुपारी शिवून दिला असता. त्यांनी बोटाने एक पंख दाबून पाहिला आणि हात मागे घेतला. मग छातीवरची सेफ्टीपिन काढली, 'उमेदवार' त्याच्या शेजारी ठेवला आणि हेल्मेट चढवलं.

घराकडे वळायचा रस्ता उजवीकडे होता. मीटरराव तिथे आले, वळणाचा दिवा लावला, आणि वळायच्या ऐवजी सरळ गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रस्ता ओळखीचा नव्हता. दोन्ही बाजूंना शेतं, मधेच एखादं बंद गोदाम, लांबवर विजेच्या तारा. कोणी बघत नव्हतं, कोणी तपासत नव्हतं, आणि पाठीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर मीटररावांना कळलं की आपण मोठ्याने गातो आहोत, आणि सिग्नल येत नाहीये. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. हेल्मेटमुळे पुसताही येईना.

फोन जाकिटाच्या आत वाजत राहिला. हेडमास्तर असतील म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा वाजल्यावर एका झाडाखाली थांबून काढला. बायको होती.

"मिळाला का तो तुमचा बिल्ला?"

"नाही."

"अरे देवा! मग? वाईट वाटतंय का?"

"थोडं वाटलं. आता नाही."

"आहात कुठे पण?"

मीटररावांनी आजूबाजूला बघितलं. मैलाच्या दगडावरचा रंग उडाला होता. "माहीत नाही," ते म्हणाले. "टोलनाक्याच्या बऱ्याच पुढे आलोय."

पलीकडे मागे नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"तिकडे काही काम निघालं का?"

"नाही गं. काहीच नाही."

आता ती उलटसुलट विचारणार, काळजी करणार, कदाचित मास्तरांना पाठवणार, अशी मीटररावांनी मनाची तयारी केली. पण फोनवर नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. इतक्या वर्षांत ती बाजारात गेली, शाळेत गेली, दवाखान्यांत गेली, लग्नकार्यांना गेली. मीटररावांना एकाएकी आठवेना, ती नुसती कुठे गेली होती का.

"बरं, सावकाश या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, कोणी ऐकू नये अशा बेताने तिने विचारलं, "पुढच्या रविवारी मी आले तर चालेल? माझंही तिकडे काही काम नाहीये."